बसून वाजवणारे

मी क्लॅरिनेट वाजवायला चांद्याच्या एका बँडमध्ये शिकलो. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. आमच्या बँडमास्तरचा कान असा होता की वीस जणांच्या गोंगाटात कुणाच्या वाद्याची पत्ती चिरली आहे, ते तो बोट दाखवून सांगायचा. माणसांच्या बाबतीत मात्र त्याला काही ऐकू येत नसे. पलटणीतून टाकून दिलेले लाल कोट त्यानं कुठून तरी आणले होते, कुणाच्या मापाचे कुणाला, आणि वैशाखाच्या उन्हात तेच घालून आम्ही वरातीपुढे चालायचो. मांडवाच्या दाराशी उभं राहून वाजवायचं. पंगत उठली की मागच्या अंगणात पत्रावळ घ्यायची. पाणी वरून ओतत.

हे मला नवं नव्हतं. आमची जातच वाजवणाऱ्यांची. मूल नावाच्या बाजारगावाच्या बाजूला धानाच्या एका गावात बा डफडं वाजवायचा आणि मोठेबाबा, म्हणजे बाचे थोरले भाऊ, सनई. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरी पोर जन्मो, लग्न लागो की कुणी जावो, दोघं त्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहत. मी लहान असतानाच बा गेला. मोठेबाबांनी मला वाढवलं. सनईला हात लावू द्यायच्या आधी दोन वर्षं ते मला प्रत्येक धून तोंडानं म्हणायला लावत. मी थोडा जरी घसरलो तरी पुन्हा पहिल्यापासून. क्लॅरिनेट माझं स्वतःचं होतं; मायनं पायातले वाळे मोडून घेऊन दिलेलं.

चौथ्या लग्नसराईत एका वरातीत माझा ओठ फुटला. रक्त पत्तीवर आलं म्हणून मी वाद्य खाली घेतलं, तर मास्तर म्हणाला, वरात मारुतीपर्यंत पोचू दे, मग थुंक. मी मारुतीपर्यंत वाजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल कोट घडी करून त्याच्या ओट्यावर ठेवला आणि बल्लारशाची गाडी पकडली.

बल्लारशाला कागद कारखान्याच्या यार्डात बांबूच्या मोळ्या रचायचं काम मिळालं. संध्याकाळी कामावरून परतताना रेल्वेच्या क्वार्टरांतून एक आवाज यायचा. तारेचा होता, पण तार थांबायची तिथं तो थांबत नव्हता; घसरत पुढे जायचा, गळा दाटून आलेल्या बाईसारखा. तीन दिवस मी कुंपणाशी उभं राहून ऐकलं. चौथ्या दिवशी आतून एक उंच माणूस आला आणि म्हणाला, "बाहेर काऊन? आत ये ना."

तो इंजिन शेडमध्ये फिटर होता. घरात तेलुगू बोलायचा, रविवारी चर्चला जायचा, कायम पँट आणि इस्त्रीचा सदरा. एका अँग्लो-इंडियन गार्डानं नोकरी सोडून जाताना आपली हवाईयन गिटार त्याला दिली होती. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी कांडी फिरवायची. मी दुसऱ्या दिवशी क्लॅरिनेट घेऊन गेलो. पहिल्या आठवड्यात आमचं काही जमलं नाही. त्याचा सूर घसरत यायचा आणि मी त्याच्या आधीच जाऊन बसलेला असायचो. मग मी थांबायला शिकलो.

महिन्याभरात तिसरा आला. बाजारात त्याचं शिलाईचं दुकान होतं, वय चाळिशीच्या पुढं. आम्ही त्याला शिंपीभाऊ म्हणायचो. त्याच्याकडे टायपरायटरसारखी बटणं असलेला बँजो होता. तो फार कमी बोलायचा आणि वाजवतानाही तसाच. चार बटणं दाबून गप्प बसायचा, पण ती चार न दाबता गाणं पुढं जात नसे. चौथा अल्लापल्लीच्या पलीकडच्या जंगलातला गोंड, सायडिंगवर सागाचे ओंडके वॅगनमध्ये चढवणारा. तो नुसता ऐकायला येऊन बसायचा. एक दिवस त्यानं रॉकेलचा रिकामा डबा उलटा करून मांडीत घेतला. त्या दिवशी आमचा बँड झाला. पुढं त्याच्यासाठी जुना साईड ड्रम आणला, पण गावाकडचा ढोलही त्यानं कधी सोडला नाही.

आम्ही सिनेमाची गाणी वाजवायचो, कारण लोक तीच मागत. पण प्रत्येक कार्यक्रमात एक तरी आमचं स्वतःचं असायचं. त्यातलं एक मोठेबाबांच्या सनईवरची नवरी पाठवणीची धून घेऊन बसवलं होतं. मूळची ती संथ आणि रडवी. खाली ढोलवाल्यानं आपल्या गावचा ठेका टाकला, फिटरनं मध्ये लांब सूर ओढले, आणि ती रडायची थांबून चालायला लागली. हे वाजवताना आम्हाला कुणाच्या परवानगीची आठवण होत नसे.

आता खुर्च्यांचं सांगतो. मांडीवर आडवी ठेवायची गिटार उभ्यानं वाजत नाही, बँजोही नाही. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधलं, म्हणजे कामगारांच्या क्लबातलं, जुनं सामान विकायला काढलं, तेव्हा फिटरनं घडीच्या दोन लोखंडी खुर्च्या आणल्या. पहिल्याच तालमीत दोघं बसले आणि मी नि ढोलवाला सवयीनं त्यांच्या मागं उभे राहिलो. फिटरनं वळून पाहिलं आणि वाजवायचं थांबवलं. काही न बोलता बाहेर गेला आणि तासाभरानं आणखी दोन खुर्च्या घेऊन आला. उन्हात त्यांचा पत्रा असा तापायचा की आम्ही ओलं पोतं टाकून बसायचो. पण त्यानंतर आमच्यातला कुणी उभ्यानं वाजवायचं नाही, हे ठरून गेलं. कुणी ठराव केला नव्हता.

याच काळात गावाकडं मोठेबाबांनी वाजवणं सोडलं. एकट्यानं नाही, आमच्या सगळ्या वस्तीनं. मालगुजारी कायद्यानं गेली होती, तरी फाटकाशी उभं राहणं गेलं नव्हतं. वस्तीनं बसून ठरवलं की आता कुणाच्या दारात कुणी वाजवणार नाही. डफड्यांची कातडी फाडली. मोठेबाबांनी सनई उमा नदीच्या डोहात टाकली. मला मायकडून निरोप आला की मीही क्लॅरिनेट सोडावं. मी उत्तर पाठवलं नाही.

पुढच्या चैत्रात आम्हाला एका लग्नाचं आमंत्रण आलं. मालगुजाराचा दिवाणजी बल्लारशाला येऊन शिंपीभाऊला विडा-सुपारी देऊन वाजवायचं ठरवून गेला. शिंपीभाऊनं गावाचं नाव सांगितलं. ते माझंच गाव होतं. दिवाणजीला मी या पार्टीत आहे हे ठाऊक नव्हतं. त्याला फक्त गिटार नावाची नवलाई हवी होती. बाकीच्यांनी विचारलं, जायचं का. मी म्हणालो, जायचं.

मूलपर्यंत मोटारनं आणि पुढं मालगुजारानं पाठवलेल्या बैलबंडीतून गेलो. दुपार कलली होती. जांभळीच्या डहाळ्यांचा मोठा मांडव होता, आत गाद्या, आणि वऱ्हाडातल्या मोठ्या लोकांसाठी वेताच्या खुर्च्यांची ओळ. आम्ही एका बाजूला आमच्या चार खुर्च्या उघडल्या आणि वाद्यं काढली. दिवाणजी लगबगीनं आला आणि मला पाहून थबकला. मग तो फिटरशी बोलला, माझ्याशी नाही. त्यानं सांगितलं की साहेबांनी खुशाल खुर्ची घ्यावी, शिंप्यालाही हरकत नाही. हे दोघं मात्र दाराशी उभे राहून वाजवतील, तशी रीत आहे.

फिटर साहेब नव्हता. शेडमध्ये दिवसभर काळ्या तेलात असायचा. पण पँट होती आणि त्याचं गाव, त्याची जात तिथं कुणाला माहीत नव्हती. माझी सगळ्यांना माहीत होती.

आम्ही दोघं खुर्च्यांवरून उठलो नाही; गलका ऐकून मालगुजार स्वतः आला. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला असता, पण ठेवला नाही. म्हणाला, "तुहा बा वीस वर्षं या दारात उभा राहून वाजवत होता. त्याचे कधी पाय नाई दुखले."

मी म्हणालो, "दुखत होते जी. घरी आल्यावर माय तेल लावे."

 मालगुजारानं माझ्याकडं पाठ केली. मग तो फिटरला म्हणाला की मुहूर्ताला अजून वेळ आहे, तुम्ही तरी सुरू करा. फिटर उठला, त्यानं आपली खुर्ची मिटली आणि आपल्या तोडक्या मराठीत सांगितलं, "हे दोघं नाई बसनार, तर मी पन नाई बसनार. आनि मले उभ्यानं येत नाई."  शिंपीभाऊनं बँजो आधीच पिशवीत घातला होता. ढोलवाल्यानं विड्याचं पान, सुपारी दिवाणजीच्या हातात परत दिली, तीही अगदी जपून, काही सांडू नये तशी.

बंडीवाल्यानं परत न्यायला नकार दिला. आम्ही खुर्च्या डोक्यावर घेतल्या, वाद्यं खांद्याला अडकवली आणि पायी निघालो. रस्ता आमच्या वस्तीवरूनच जात होता. मोठेबाबा दारात उभे होते. त्यांच्या कानावर सगळं आलं असावं, कारण ते रागावलेले होते, पण मालगुजारावर नाही, माझ्यावर.

"आलासच काऊन तू?" ते म्हणाले. "त्याच्या दारात वाजवनं सोडलं तवा कुठी आमी मानसं झालो. अन तू खुर्ची घेऊन गेला. खुर्ची देली असती तर वाजवलं असतं तू?"

"हाव, वाजवलं असतं," मी म्हणालो. "तुमी वाजवनं सोडलं. मी नाई सोडनार. मी उभं राहनं सोडलं."

"एकच हाय ते."

"नाई, एक नाई."

त्यांनी मला घरात बोलावलं नाही. माय दाराआडून पाहत होती. तिनं तांब्याभर पाणी बाहेर आणलं आणि चौघांना आपल्या हातानं दिलं, मोठेबाबा समोर असताना. आम्ही पाणी पिऊन चालू लागलो.  मूलपर्यंत चालताना मला सारखं वाटत होतं की मोठेबाबांचंही खरं आहे. पण त्यांचं खरं असलं म्हणून माझं खोटं कसं होईल, एवढाच विचार करत मी खुर्ची सावरत राहिलो.

त्या सराईत धानपट्ट्यात आम्हाला एकही लग्न मिळालं नाही. गोष्ट सगळीकडं पोचली होती. शिंपीभाऊच्या दुकानात काही गिऱ्हाइकं यायची बंद झाली. त्याच्या जातभाईंनी त्याला विचारलं की तू त्या दोघांच्या पंगतीला बसतोस का. त्यानं मान हलवून हो म्हटलं आणि मशीन चालवत राहिला. आम्ही तालमी वाढवल्या. काम नव्हतं, तर निदान वाजवणं तरी चोख असावं.

त्याच उन्हाळ्यात, मोहाची शेवटची फुलं गळत असताना, ढोलवाल्याच्या चुलत बहिणीचं लग्न निघालं आणि त्यानं आम्हाला आपल्या गावी नेलं. वैनगंगेच्या वाळूत उन्हाळी रपटा, म्हणजे तट्टे अंथरून केलेली वाट, घातलेला होता. तो ओलांडून पुढं लाकडाच्या ट्रकवर बसून अल्लापल्ली, आणि तिथून जंगलातून चालत. खुर्च्या पुन्हा डोक्यावर. त्या गावात कुणाकडेच खुर्ची नव्हती. आम्ही मोकळ्या जागेत चार मांडून बसलो, तर बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. गिटारचा आवाज निघाला तेव्हा हसणं थांबलं. एक म्हातारी जवळ आली, वाजत असतानाच तिनं एका तारेवर बोट ठेवलं आणि आवाज बंद झाल्यावर चटकन काढून घेतलं.

आमची दोन-तीन गाणी झाली. मग गावातले ढोल निघाले. पोरीपोरांनी हात धरून गोल केला आणि रेला सुरू झाला, म्हणजे त्यांचं गाणं आणि नाच एकदमच. आमचा ढोलवाला खुर्चीवर बसून साईड ड्रम वाजवत होता. त्याचे पाय खाली सारखे हलत होते. शेवटी तो म्हणाला, "इथी बसून नाई वाजत," आणि आपला ढोल गळ्यात घालून गोलात शिरला. थोड्या वेळानं मीही उठलो. कुणी उठवलं नव्हतं. क्लॅरिनेट तोंडाला लावून मी त्या गोलाबरोबर फिरत होतो. शिंपीभाऊनंही बँजो बाजूला ठेवून टाळ्यांचा ठेका धरला. एकटा फिटर गिटार मांडीवर घेऊन जागीच बसला. त्याच्या बाजूच्या तीन रिकाम्या खुर्च्यांवर तीन म्हाताऱ्या येऊन बसल्या, आणि एकदा बसल्यावर त्या हलल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर माझं मन मला खात होतं. मालगुजाराच्या मांडवातून आम्ही ज्यासाठी उठून आलो, तेच इथं मी आपण होऊन सोडलं. मी ढोलवाल्याला तसं बोललो. तो ओंडक्यावर चढावं तसा एका मोठ्या मुळावर पाय ठेवून थांबला.

"तिथी ते उभं करत होते," तो म्हणाला. "इथी मी उठलो. तुले एवढं नाई समजत?"

मला समजलं होतं. पण कुणीतरी ते बोलून दाखवायला हवं होतं.

त्या हिवाळ्यात रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाताळचा कार्यक्रम झाला. चांद्याच्या ग्रामोफोनच्या दुकानदाराबरोबर एका रेकॉर्ड कंपनीचा एजंट आला होता. त्याला गिटार आवडली. पंधरा दिवसांनी त्याचं पत्र आलं की कंपनीचं मशीन नागपुरात येणार आहे, या. आम्ही तिघांनी रजा काढल्या, शिंपीभाऊनं दुकान बंद ठेवलं आणि चौघं खुर्च्यांसकट गाडीत चढलो.

एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन त्याच्या भिंतींना गोधड्या आणि सतरंज्या लटकवल्या होत्या. मशीनवर कलकत्त्याकडचा एक वयस्क माणूस होता, अतिशय सभ्य. एजंट म्हणाला, रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना सिनेमाची गाणी वाजवा. आम्ही म्हणालो, एका बाजूला आमचं. तो हसला आणि म्हणाला की नाव-गाव नसलेली धून कोण विकत घेणार. आम्ही पुन्हा तेच सांगितलं. त्याचं बोलणं वाढत चाललं तेव्हा शिंपीभाऊनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मंग आमी चहा पिऊन जातो," तो म्हणाला.

एजंट मशीनवाल्याकडे बघायला लागला. मशीनवाल्यानं हात हलवून सांगितलं, वाजवू द्या.

सिनेमाचं गाणं पहिल्या खेपेलाच नीट झालं. आमचं मात्र अडलं. तीन मिनिटांत सगळं बसवायचं होतं. आम्ही एरवी ते वाटेल तितकं लांबवायचो. ते जमवलं, तर मध्येच खुर्ची करकरली. मशीनवाला हिंदीत म्हणाला, खुर्च्या काढा, खाली सतरंजीवर बसा. फिटरनं खिशातून तेलाची छोटी कुपी काढली, चारही खुर्च्यांच्या सांध्यांत तेल सोडलं आणि प्रत्येकीवर बसून, हलून दाखवलं. आवाज गेला.

मग मशीनवाला माझ्यापाशी आला. क्लॅरिनेटचा आवाज बाकीच्यांना खाऊन टाकतो, तेव्हा मी लांब, तिकडं दाराजवळ जावं आणि उभं राहून वाजवावं. उभ्यानं छाती मोकळी राहते, श्वास लांब पुरतो, सूर गोल येतो. त्याला माझी जात माहीत नव्हती, गाव माहीत नव्हतं. तो फक्त आवाजाचं बोलत होता, आणि त्याचं म्हणणं खरं होतं. बँडमास्तरही हेच सांगायचा. मी दाराकडं पाहिलं. माझा बा आयुष्यभर दाराशीच उभा होता.

मी माझी खुर्ची उचलली, दाराजवळ नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसलो. मशीनवाल्याला वाटलं मला नीट समजलं नाही. त्यानं पुन्हा समजावलं. मी म्हणालो, समजलं साहेब, पण मी बसूनच वाजवतो. तो मान हलवून मशीनकडं गेला. लाल दिवा लागला आणि आम्ही वाजवलं.

ती रेकॉर्ड मी नंतर खूपदा ऐकली. शेवटच्या लांब सुरात माझा श्वास कमी पडतो, हे ज्याला कान आहे त्याला कळतं. उभा असतो तर पुरला असता. मला त्याचं वाईट वाटतं. पण पुन्हा तोच दिवस आला तर मी पुन्हा बसेन.

रेकॉर्ड आली तेव्हा दुसरा धक्का बसला. आमच्या धुनेवर कंपनीनं 'जंगली नाच' असं छापलं होतं, आणि चौघांपैकी कुणाचंच नाव नव्हतं. फिटरनं शेडमधल्या बाबूकडून इंग्रजीत दोन पत्रं लिहून घेतली. उत्तर आलं नाही. मग शिंपीभाऊनं पांढऱ्या कापडाचे गोल तुकडे कापले, त्यावर शाईनं चौघांची नावं लिहिली आणि ज्यांनी ज्यांनी आमच्या ओळखीत रेकॉर्ड घेतली, त्यांच्या घरी जाऊन कंपनीच्या कागदावर ते खळीनं चिकटवले. चांद्याच्या दुकानदारानंही उरलेल्या प्रतींवर चिकटवू दिले. कुणी विचारलं तर शिंपीभाऊ सांगायचा, छापताना त्यांची चूक झाली, आम्ही दुरुस्त करून राह्यलो.

एका दुपारी मी कामावरून घरी आलो तर मोठेबाबा ओट्यावर बसले होते. तीन वर्षांत ते पहिल्यांदा आले होते. डोळे दाखवायला बल्लारशाला आलो, असं म्हणाले. तोवर माझं लग्न झालं होतं; बायकोनं पाणी दिलं, ते घेऊन बसून राहिले. मग सांगितलं की मूलच्या एका हॉटेलात कर्ण्यावर ती रेकॉर्ड वाजत होती. चहा न पिता ते तिथं उभे राहिले आणि हॉटेलवाल्याला पुन्हा लावायला सांगितली.

"दुसरी ओळ चुकली तुही," ते म्हणाले.

"चुकली नाई. मी तशी केली."

त्यांनी डोळे मिटले आणि ती ओळ तोंडानं म्हणून दाखवली, मला लहानपणी शिकवायचे तशी. सनई डोहात टाकल्यानंतर त्यांचा सूर मी तेव्हाच ऐकला. आवाज फाटला होता, पण सुराची जागा सुईसारखी पक्की. ती माझ्यापेक्षा चांगली होती. मी तसं त्यांना बोललो आणि हेही बोललो की मी माझीच वाजवणार.

"वस्तीत आनू नको ते," उठताना ते म्हणाले. "मी दार लावून घेईन."

"घ्या लावून," मी म्हणालो. "दाराबाहेर बसून वाजवीन."

त्यांनी काठी घेतली. मी त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. वाटेत आम्ही धानाच्या भावाबद्दल बोललो.

पुढच्या वर्षी फिटरची काझीपेठच्या शेडला बदली झाली. त्यानं साहेबाला अर्ज केला, वाद घातला, पण बदली टळली नाही. जाताना आपली खुर्ची घेऊन गेला. गिटारशिवाय आम्ही तिघं उरलो आणि तिघांनीच चालू ठेवलं. धानपट्ट्यातले लोक हळूहळू बोलवायला लागले होते; सगळे नाही, काही. काहींच्या मांडवात आम्ही बसलो की ओळीनं माणसं उठून जात. आम्ही वाजवत राहायचो. परत येऊन बसलेली माणसंही मी पाहिली आहेत.

शेवटचं सांगतो ते सिंदेवाहीच्या बाजूचं लग्न. नवऱ्या मुलाच्या बापानं आम्हाला बोलावलं होतं आणि मुलीकडच्यांनी लाऊडस्पीकर. चिंचेवर कर्णा बांधलेला, खाली बॅटऱ्या, रेकॉर्डांचा ढीग आणि मशीनशी टेरीकॉटच्या शर्टातला एक तरुण. आम्ही सुरू करायच्या बेतात होतो तर त्यानं गाणं लावलं. आम्ही थांबलो. ते संपल्यावर आम्ही सुरू केलं, तर त्यानं दुसरं लावलं. नवऱ्या मुलाच्या बापानं मध्ये पडून सांगितलं की आता लोकांना हेच पाहिजे, तुम्ही जेवून घ्या, आराम करा. तो चांगल्या मनानंच सांगत होता.

शिंपीभाऊनं माझ्याकडं पाहिलं. ढोलवाल्यानं साईड ड्रम खाली ठेवला आणि मोठा ढोल काढला.

कर्ण्यातून सिनेमातली बाई गात होती. आम्ही तिच्याच गाण्यावर आमची धून सुरू केली, तिचा सूर वेगळा, ठेका वेगळा. स्पीकरवाल्यानं आवाज वाढवला. ढोलवाल्यानंही वाढवला. बायका कानावर हात ठेवून हसत होत्या, म्हातारे वैतागून काहीतरी बोलत होते, काही पोरं नाचायला लागली. कशावर नाचत होती ते त्यांचं त्यांना ठाऊक. नवऱ्या मुलाचा बाप दोन्हीकडं हात जोडत फिरत होता. स्पीकरवाला एकामागून एक रेकॉर्ड बदलत राहिला. आम्ही तीच एक धून पुन्हा पुन्हा फिरवत होतो आणि प्रत्येक फेरीला ती मला नवीन सापडत होती. माझा ओठ सुजला. शिंपीभाऊच्या बोटाचं नख उलटलं, त्यानं चिंधी बांधली.

ऊन उतरता उतरता कर्ण्यातल्या बाईचा आवाज जाड व्हायला लागला. मग तो पुरुषासारखा झाला, मग एखाद्या आजारी म्हशीसारखा, आणि थांबला. बॅटऱ्या बसल्या होत्या. स्पीकरवाला तारा हलवून पाहत राहिला. मांडवात आता आमचाच आवाज होता आणि सगळे आमच्याकडं तोंड करून बसले होते. आम्ही आणखी तासभर वाजवलं.